काकाजींना विचारा : डीएपीसोबतची बाटली आणि पाच टिकमार्क

पत्र

काकाजी, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय 31. बी.एस्सी. ॲग्री केलं आणि सहा वर्षांपासून तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात, म्हणजे खत-बियाणं-औषधांच्या दुकानात, काउंटरवर आहे. पगार 16 हजार, हंगामात थोडं कमिशन. घरी पाच एकर कोरडवाहू. कपाशी, सोयाबीन, तूर. आई, बाबा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. ती कॉन्व्हेंटला जाते. मालक माणूस वाईट नाही. चोरबीटीला, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या बिनपरवान्याच्या कपाशी बियाण्याला, हात लावत नाही. माझ्या लग्नात त्यानेच उसने पैसे दिले. पण जून लागला की डीएपी-युरिया या खतांसोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली, नाहीतर कसली तरी बकेट लिंकिंगमध्ये द्यावीच लागते. मागच्या जूनमध्ये बाबांचा लहानपणचा मित्र आला. डीएपीच्या दोन बॅगांसोबत त्याला 480 रुपयांची बाटली मीच दिली. तो काही बोलला नाही, पैसे मोजले आणि गेला. तेव्हापासून दुकानात मन लागत नाही.

आता एका कीटकनाशक कंपनीत विक्री प्रतिनिधीची ऑफर आहे, छत्रपती संभाजीनगरला. पगार दुप्पट. बायको म्हणते जाऊ. बाबा म्हणतात, "तू गेला त वावर कोन पाह्यल?"

डिसेंबरात नागपूरला ट्रेनिंग होतं. सरांनी साठ शब्दांचा कागद दिला, आपली मूल्यं ओळखा, पाचांवर टिक करा. मी केलं : प्रामाणिकपणा, कुटुंब, प्रगती, स्वातंत्र्य, समाजसेवा. सर म्हणाले, हेच तुमचं होकायंत्र, आता निर्णय सोपे होतील. घरी येऊन कागद कितीदा पाहिला. पाचही शब्द पाच दिशांना ओढतात. (उन्हाळ्यात संध्याकाळी पारावर बसून लोकांच्या घरच्या सोयाबीनची उगवण तपासून देतो, तेवढाच विरंगुळा.) कंपनीला 15 मार्चपर्यंत कळवायचं आहे. काय करू? नाव छापू नका.

उत्तर

बाबू,

नाव छापलं नाही, एकदोन खुणाही बदलल्या आहेत.

आधी त्या कागदाचं बघू. साठ चांगले शब्द समोर ठेवायचे आणि त्यातले पाच चांगले शब्द निवडायला सांगायचं, यात चुकायची सोयच नाही. प्रामाणिकपणावर टिक करणार नाही असा माणूस मला नोकरीत कधी भेटला नाही, आणि माझी नोकरी खेड्यातल्या बँकेत कर्ज वाटायची आणि वसूल करायची होती. हप्ते बुडवणारे तर सगळ्यात आधी टिक करतील.

कागदाचं मूळ मात्र चांगलं आहे. मिल्टन रोकीच नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलेल्या चाचणीत मूल्यांच्या दोन याद्या होत्या, प्रत्येकीत 18. एकीत आयुष्यात काय हवं ते : घरच्यांची सुरक्षितता, स्वातंत्र्य, मनाची शांती असं. दुसरीत कसं वागायचं ते : प्रामाणिक, धीट, क्षमाशील वगैरे. पण तिथे टिक करायचीच नव्हती. अठराच्या अठरा क्रमाने लावायची होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. घरच्यांची सुरक्षितता वर की स्वातंत्र्य वर, हे ठरवल्याशिवाय कागद पुरा होत नसे. घाम फुटतो तो तिथे. ट्रेनिंगवाल्यांनी नेमका तोच भाग गाळला, कारण जेवणाच्या सुट्टीआधी हॉल भरून माणसांचं आटपायचं असतं.

पुढे शालोम श्वार्त्झ यांनी 1992 मध्ये 20 देशांतल्या लोकांची उत्तरं ताडून पाहिली, मूल्यांचे दहा गट केले आणि ते गोलात मांडले. शेजारशेजारचे गट एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरचे एकमेकांना ओढतात. आपल्या मनाने वागणं, नवं करून पाहणं हे एका अंगाला. सुरक्षितता, परंपरा, चारचौघांना धरून राहणं हे त्याच्या बरोबर समोर. तसंच वर चढणं, वट असणं एकीकडे आणि दुसऱ्याचं भलं पाहणं दुसरीकडे. आता तुझे शब्द त्या गोलात टाकून बघ. 'प्रगती' आणि 'समाजसेवा' समोरासमोर येतात. 'स्वातंत्र्य' आणि बाबांच्या तोंडचं वावर समोरासमोर येतात. पाचही पाच दिशांना ओढतात असं तू तक्रारीच्या सुरात लिहिलंस, पण ते ओढणारच. ज्याच्या टाळक्यात एकापेक्षा जास्त चांगल्या गोष्टी आहेत त्याची हीच गत असते. तुझ्यात काही बिघाड नाही. 'निर्णय सोपे होतील' हे आश्वासन तेवढं चुकीचं होतं.

मला त्या पाच शब्दांपेक्षा तुझं कंसातलं वाक्य जास्त बोललं. विरंगुळा म्हणून तू ते कंसात टाकलंस. मी तिथेच थांबलो.

उगवण तपासणं म्हणजे काय ते इथल्या शहरी वाचकांसाठी सांगतो. पोत्यातून वरून, मधून, बुडातून मूठमूठ सोयाबीन घ्यायचं, एकत्र करायचं आणि चांगले-वाईट न निवडता शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहादहाच्या दहा ओळी लावायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकायचा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं पेरणीजोगं. थोडे कमी निघाले तर एकरी 30 किलोच्या जागी बियाणं वाढवायचं. फारच कमी निघाले तर ते विकायच्या मालात टाकायचं आणि पेरायला विकत आणायचं. सोयाबीन स्वपरागीत पीक, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरतो आणि वाण बदलत नाही, त्यामुळे दरवर्षी नवी बॅग घ्यायची गरजच नसते, पण दाण्याचं टरफल पातळ. मळणीयंत्रात, नाहीतर पोतं आदळलं तरी आतला कोंब दुखावतो, आणि वरून दाणा साजरा दिसतो. म्हणून तपासावं लागतं. पेरणी मोडली की दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो, हे वावरवाल्याला सांगायला नको.

आता तुझ्या बाजूने बघ. तू कृषी केंद्रातला माणूस. पारावर ज्याच्या गुंडाळीत 78 कोंब निघाले तो तुझ्या दुकानातून बियाण्याची बॅग घेत नाही. म्हणजे तुझं कमिशन गेलं, मालकाची विक्री गेली, आणि संध्याकाळ गेली ती वेगळी. कोणी सांगितलं नव्हतं. पगार नाही, फोटो नाही, पेपरात बातमी नाही. तरी तू दर उन्हाळ्यात करतोस, आणि सगळ्या पत्रात हलक्या हाताने लिहिलेलं वाक्य तेवढं एकच आहे.

माणसाला खरंच काय महत्त्वाचं वाटतं हे शोधायची जागा ही. कोणी न सांगता केलेलं, ज्यासाठी पदरचं काही गेलं, आणि गेल्याचं फारसं वाटलं नाही असं काम. त्याला 'समाजसेवा' म्हणू नको. त्या शब्दाला सत्काराच्या शालीचा वास येतो. माझ्या समजुतीप्रमाणे तुझ्या लेखी जे मोठं आहे ते असं : समोरच्याला त्याच्या मालाबद्दल खरं काय ते कळावं, आणि माझ्या शिक्षणावर त्याने भरवसा ठेवला तर तो वाया जाऊ नये. जरा लांबलचक झालं, पण एका शब्दात कोंबायची घाई कशाला? साठ शब्दांच्या यादीत हे नव्हतंच, तर तू टिक कुठे करणार होतास?

मग जूनमधली ती बाटली इतके महिने का सलते तेही कळतं. 480 रुपये ही तुझ्या भागात मोठी रक्कम आहे, पण सलतात ते रुपये नव्हेत. बाबांचा मित्र काही बोलला नाही, हे तू मुद्दाम लिहिलंस. भांडला असता तर तू मालकाकडे बोट दाखवून मोकळा झाला असतास. तो भांडला नाही, कारण मित्राच्या पोराने दिलं म्हणजे काहीतरी कामाचं असेल असं त्याने धरलं. पारावर तू जो भरवसा कमावतोस तो काउंटरवर वापरला गेला. 'प्रामाणिकपणा' हा शब्द यासमोर फार ढोबळ पडतो.

आपल्याकडे मूल्यं म्हटलं की लगेच भिंतीवरच्या फोटोंकडे हात जातो, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज. फोटोला हार घातला की आपण सुटलो. पण गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि कीर्तन नंतर, हा क्रम कोणी घेत नाही.

माझं निदान एका कंसातल्या वाक्यावर उभं आहे, तेव्हा तू ते पडताळून घे. फोनमधल्या यूपीआयच्या व्यवहारांची यादी काढ, वर्षभराची. घरखर्च, हप्ते, कॉन्व्हेंटची फी बाजूला ठेव. उरलेले पैसे, जे द्यायलाच पाहिजे असे नव्हते, ते कुठे गेले? बँकेत असताना मी माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याचं पासबुक आधी पाहायचो, आणि ती सवय मला अजून चांगली वाटते. दुसरं, या वर्षात राग कशाचा आला ते आठव. ट्रॅफिकचा, लाइट गेल्याचा राग सोड. दोन दिवस उतरला नाही असा राग. तिसरं जरा अवघड आहे, ते रात्री एकटा असताना कर : हेवा कोणाचा वाटतो? गाडी घेणाऱ्या वर्गमित्राचा वाटत असेल तर तसं लिही. कृषी विज्ञान केंद्रात लागलेल्या मित्राचा वाटत असेल तर ते लिही. 'प्रगती'वर तू टिक केलीस ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. 16 हजारांत कॉन्व्हेंट, आईबाबांचं औषध आणि पाच एकर कोरडवाहू, ज्यात एक पावसाचा खंड पडला की झालं. अशा घरात पैसा हवासा वाटणं ही जबाबदारी आहे. तिला लोभ म्हणायला मी तयार नाही.

आता घरच्यांकडे येतो, कारण इथे मला तुझं पत्र जरा तोकडं वाटलं. बाबांचं अख्खं वाक्य तू त्यांच्या बोलीत लिहिलंस. बायकोच्या वाट्याला आलं 'म्हणते जाऊ'. काऊन जाऊ म्हणते, हे विचारलंस का? संभाजीनगर हे तिच्यासाठी पोरीची शाळा असेल, किंवा स्वतःचं स्वयंपाकघर असेल, किंवा डोक्यावरचा पदर थोडा ढिला करता येणं असेल. कदाचित तिला स्वतःलाच काही काम करायचं असेल. किंवा जूनपासून चेहरा पाडून घरी येणारा नवरा तिला बघवत नसेल, आणि गाव सोडलं की तो बरा होईल असं वाटत असेल. यातलं प्रत्येक कारण वेगळं आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा. काही उपायांना तर गाव सोडावंही लागत नाही. 'जाऊ की नको' असं विचारलंस तर हो-नाही एवढंच ऐकू येईल. 'तिथे गेल्यावर पहिल्या वर्षात काय काय व्हावं असं तुला वाटतं?' असं विचार आणि मध्ये बोलू नको.

बाबांचंही तसंच. वावर कोण पाहील, याचं उत्तर त्यांना माहीत आहे. ठरीव रकमेवर मक्त्याने देता येतं, पिकातल्या वाट्यावर बटईने देता येतं, तालुक्यात निम्मी वावरं तशीच चालतात. त्यांचा प्रश्न बहुतेक वेगळा आहे आणि तो या वयाचे बाप सरळ विचारत नाहीत. रात्री-बेरात्री छातीत दुखलं तर गाडीवर बसवून दवाखान्यात कोण नेईल? त्यावर मक्त्याचा कागद दाखवून भागत नाही. तू संभाजीनगरला गेलास तर या प्रश्नाची सोय तुला नावानिशी लावावी लागेल : भाऊ, पुतण्या, शेजारचा पोरगा, कोण ते.

आता ती ऑफर. लिंकिंगचं दुखणं कुठून येतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी मांडतो. युरियाची 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैसे, डीएपीची 50 किलोची बॅग 1,350 रुपये. भाव छापील आणि दुकानदाराचं मार्जिन अगदी थोडं. हंगामात तुटवडा पडतो. ज्या खतासाठी रांग लागते त्याच्या शेपटाला न खपणारा माल बांधून द्यायचा, हा धंदा दुकानापासून सुरू होत नाही. कंपनी डीलरवर टाकते, डीलर दुकानदारावर आणि दुकानदार शेतकऱ्यावर. तुझा मालक म्हणेल, वरून येते तसं खाली द्या लागते. ते खोटं नाही. विक्रेते स्वतः ही तक्रार दरवर्षी करतात. मग लिंकिंगच्या त्रासाने तू काउंटर सोडणार आणि कंपनीचा प्रतिनिधी होणार. तुझी कंपनी कीटकनाशकाची आहे, खताची नाही, हे कबूल. पण टार्गेट तिथेही आहे. मार्च संपत आला की डीलरच्या गोदामात माल ढकलणारा माणूस तूच असशील. त्याच नळाच्या वरच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं आणि खाली कोण भिजतं ते दिसणार नाही एवढाच फरक.

म्हणजे ऑफर वाईटच आहे असं नाही. चांगला प्रतिनिधी फवारणीतलं शिकवू शकतो. यवतमाळात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. औषधात औषध मिसळून मारणं, अंगावर साध्या कपड्यांनिशी उंच पराटीत, म्हणजे वाढलेल्या कपाशीत, शिरणं, अशी कारणं त्यात निघाली. कोणतं औषध कशात मिसळायचं हे आपला शेतकरी दुकानात विचारतो, आणि दुकानदार कंपनीच्या माणसाला. एखादी कंपनी आपल्या प्रतिनिधीला हे नीट सांगायला पुरेसा वेळ देत असेल तर ती नोकरी तुझ्या जातकुळीची आहे. देते का ते विचारायला लाजू नको. फोन करून तीन गोष्टी विचार : टार्गेट कोण ठरवतं आणि पुरं झालं नाही तर काय होतं, डीलरकडे न खपलेला माल परत घेता का, आणि या जागेवर आधी कोण होतं, तो का गेला. तिसऱ्याचं उत्तर टाळलं तर तालुक्यातल्या डीलरांना विचार, त्यांना सगळं माहीत असतं. आणि दुप्पट पगाराचा हिशेब कागदावर मांड. 32 हजारांतून संभाजीनगरचं भाडं, शाळा, गावाकडच्या फेऱ्या वजा कर, आणि पाच एकर मक्त्याने गेल्यावर घरचं धान्य-डाळ विकत घ्यावं लागेल तेही धर. उरतं ते आजच्यापेक्षा किती जास्त, तेवढीच खरी पगारवाढ.

आता मालक. इथे मला सगळ्यात जास्त वाव दिसतो, आणि तू तिकडे पाहिलंच नाहीस. तू त्याच्याबद्दल दोन गोष्टी लिहिल्यास : चोरबीटी विकत नाही, लग्नात पैसे दिले. तिसरी मी काढतो. तुझं पारावरचं काम त्याच्या कानावर नसेल असं तालुक्याच्या गावात होत नाही. बियाण्याची विक्री बुडते तरी सहा वर्षांत त्याने तुला अडवल्याचं तू कुठे लिहिलं नाहीस. असा माणूस ऐकायची शक्यता आहे. शिवाय कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी दुकानदाराकडे, नाहीतर त्याने कामावर ठेवलेल्या माणसाकडे, शेतीशास्त्राचं शिक्षण लागतं. मालकाने स्वतः त्यासाठीचा वर्षभराचा डिप्लोमा केलेला नसेल तर परवाना तुझ्या पदवीवर उभा असेल. दुकानात तुझी किंमत 16 हजारांची नाही हे त्यालाही कळतं. धमकी द्यायला हे सांगत नाही. समोर बसशील तेव्हा मान वर ठेव, एवढ्यासाठी सांगतो. लग्नातले पैसे फिटले नसतील तर आधी किती बाकी आहेत ते दोघं मिळून मांडा. बाकी तोंडावर असताना माणूस मोकळं बोलत नाही, हे बँकेत रोज पाहिलं आहे.

जूनमध्ये रांग लागलेली असताना बोलू नको. खरिपाचा माल बुक व्हायच्या आधी बोल, म्हणजे आताच. अनुदानित खतासोबत दुसरा माल सक्तीने द्यायला मनाई आहे, कृषी विभाग दर हंगामाआधी बजावतो, हे त्याला पाठ आहे. ते ऐकवून काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा असं काही सांग की, मालक, लिंकिंगचा माल यंदा कमी उचलू. जो येईल तो मी काउंटरवर काय आहे ते सांगूनच देईन, ज्याला नको त्याच्यावर टाकणार नाही, आणि बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहीन. त्या बदल्यात माती परीक्षणाच्या अहवालावरून शिफारस करायचं काम मी अंगावर घेतो. सूक्ष्म अन्नद्रव्यं सगळीच कचरा नाहीत, हे तू शिकलेला आहेस. आपल्या जमिनींत जस्ताची कमतरता आहे, सोयाबीनला गंधक लागतं. ज्याच्या अहवालात कमी निघालं त्याला तीच बाटली मान ताठ ठेवून विक. दुकानाचं नुकसान थोडं होईल. किती, ते तुम्ही दोघं बसून काढा. नुकसानच होणार नाही असं त्याला सांगू नको, कारण तो हिशेबाचा माणूस आहे.

तो मानला, तर पाळायला एक वही कर. गांधीजींच्या आश्रमात अकरा व्रतं रोज प्रार्थनेत म्हणत, पण त्यानंतर हजेरी होई आणि प्रत्येकाला त्या दिवशी किती तार सूत कातलं ते सांगावं लागे. त्या व्रतांतला शरीरश्रम हा शब्द नुसता म्हणून भागत नसे, आकडा द्यावा लागे. तुझ्या वहीत एकच आकडा असू दे : आज किती जणांना 'हे तुम्हाला लागत नाही' म्हणालो. खरिपाच्या शेवटी तो आकडा आणि पगाराची पावती शेजारी ठेवून बघ. तेव्हा क्रम लावायला हातात काही असेल, ट्रेनिंगच्या हॉलमध्ये काहीच नव्हतं.

तो नाहीच म्हणाला तर दुकान सोड, पण संभाजीनगर हा एकच रस्ता आहे असं धरू नको. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ठिकठिकाणी निविष्ठांची, म्हणजे बी-खत-औषधांची, दुकानं काढली आहेत, त्यांना पदवीधर लागतात, आपल्या आणि शेजारच्या तालुक्यात चौकशी कर. पगार तिथे फार नसतो आणि काही कंपन्या नुसत्या कागदावर असतात, तेव्हा जाऊन दुकान उघडं आहे का ते डोळ्यांनी पाहा. स्वतःचं कृषी केंद्र टाकायचा विचार तुझ्या 'स्वातंत्र्य'वरच्या टिकमार्कमध्ये लपलेला असेल असा मला संशय आहे. टाक, पण आत्ता नको. आपल्याकडे कृषी केंद्र उधारीवर चालतं. जूनमध्ये दिलेला माल सोयाबीन-कापूस विकल्यावर वसूल होतो, होत नाही तिथे दारात जावं लागतं. बाबांच्या मित्राला बाटली देताना तुझा जीव गुदमरला, तर त्याच्या ओट्यावर वसुलीला बसताना काय होईल याचा विचार कर. वर्षभराची उधारी पोटात घेता येईल एवढं भांडवल जमलं की मला परत लिही.

आणि तो मित्र. 480 रुपये परत करायला जाऊ नको, त्याला ओशाळल्यासारखं होईल आणि गावात नाटक होईल. त्याच्या घरचं सोयाबीन ठेवलेलं असेल तर उन्हाळ्यात तूच शंभर दाणे मागून घे. जमलं तर वावरातली माती घेऊन तपासायला दे. बाटलीबद्दल त्याने विचारलं तर जे आहे ते सांग.

राहिला तुझा सरळ प्रश्न. माझं मत विचारशील तर यंदाचा खरीप इथेच काढ, मालकाशी बोलून, वही ठेवून. पण यूपीआयची यादी, राग, हेवा आणि बायकोचं म्हणणं हे सगळं मांडल्यावर 'पैसा आत्ता वर' असंच निघालं तर संभाजीनगरला जा. फक्त जाताना ते 'प्रगती'साठी, 'स्वातंत्र्या'साठी असं सजवू नको. पोरीच्या फीसाठी आणि आईबाबांच्या औषधासाठी तीन वर्षं जातोय, असं बाबांना सांग. असं सांगितलेलं बाप लवकर समजतो.

15 मार्चला फार दिवस नाहीत. आधी बायकोशी बोल. मग कंपनीला फोन. त्यांची उत्तरं हाती आल्यावर मालक. बाबांशी सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्यापुढे जाताना दवाखान्यात कोण नेईल ते नाव ठरवून जा. मालक दोन दिवस मागेल, ते त्याला दे. कंपनीकडूनही आठवडाभराची मुदत मागून बघ, बऱ्याचदा देतात.

— काकाजी